नऊ बायका, छत्तीस माग

१

मजूर कचेरीच्या वरच्या खोलीत तीन पंच बसले होते. मधला वकील, डावीकडे गिरणीमालकांचा माणूस आणि उजवीकडे कामगारांचा, म्हणजे आमचा. आमचा माणूस सकाळपासून पेन्सिलीला टोक काढत होता.

समोर थर्झा ओर्मरॉड उभी होती. वय सव्वीस. पंधराव्या वर्षापासून आमच्या हॅझलडनच्या ऱ्होडन गिरणीत ती चार माग चालवत होती, आणि तेव्हापासून दर आठवड्याला तिच्या पगारातून बेकारीचा विमा कापला जात होता. मार्चमध्ये अर्धी शेड बंद पडली. तेव्हापासून ती भत्त्याच्या रांगेत होती. तिचा नवरा विल्फही त्याच रांगेत होता, पण त्याला वरच्या खोलीत कोणी बोलावलं नाही. गेल्या ऑक्टोबरात, म्हणजे एकतीस साली, सरकारनं नवा नियम काढला होता. लग्न झालेल्या बाईनं आधी सिद्ध करायचं, की तिला खरंच काम हवंय आणि ते इथंच परत मिळण्याची आशा आहे. पुरुषानं फक्त रांगेत यायचं.

वकिलानं समोरचा कागद उचलला. "‘बाळ चालायला लागलं तरी त्या शेडमध्ये मी पाय ठेवणार नाही, डगडेलनं घोडागाडी पाठवली तरी.’ हे तुमचंच वाक्य ना?"

थर्झा हसली. स्वतःचीच थट्टा दुसऱ्याच्या तोंडून ऐकली की माणूस हसतं, तशी. मग तिचा चेहरा उतरला.

"माझंच आहे. पण साहेब, ते गमतीत होतं! आणि माझ्या घरातलं होतं. तुमच्याकडे कसं आलं?"

"वाक्य मान्य आहे, अशी नोंद घ्या," वकील कारकुनाला म्हणाला.

दुपारपर्यंत नऊ बायका त्या खोलीत जाऊन आल्या. नऊ जणींना नऊ वाक्यं वाचून दाखवली गेली. कोणी म्हणाली होती, "आता घरात बसून जरा माणसासारखं जगते." कोणी म्हणाली होती, "मेले ते माग, सुटले एकदाची." पगाराच्या दिवशी प्रत्येक बाई असं बोलते आणि सोमवारी उठून कामाला जाते. नऊही जणींचा भत्ता बंद झाला.

विणकर संघाच्या बायकांच्या वतीनं मी तिथं बसले होते. मी लेटी व्हिटम, वय बावन्न, विधवा. चाळीस वर्षं मागावर काढली. मीही मार्चपासून घरीच होते, पण माझं नशीब बरं. आदल्याच दिवशी, सोमवारी, गिरणीचं पत्र आलं होतं, येत्या सोमवारपासून कामावर या म्हणून.

कारकुनाच्या हातापाया पडून मी तो कागद उतरवून घेतला. वर ऱ्होडन गिरणीचा शिक्का होता. खाली नऊ नावं होती, प्रत्येकीपुढे तिचं वाक्य.

जिन्यात थर्झानं माझा दंड धरला. "लेटीमावशी, माझ्या चुलीपुढचं बोलणं गिरणीत कसं गेलं? आमच्यापैकीच कोणीतरी नेलंय ते. कोणी नेलं, ते शोधून काढा."

२

गिरणीचे मॅनेजर डगडेल साहेब वाईट माणूस नव्हते. बायकांशी बोलताना टोपी काढत.

"व्हिटमबाई, कचेरीनं मला विचारलं, या बायकांना परत घेणार का? मी म्हटलं, नाही. का नाही, तेही विचारलं. माझ्याकडे जे होतं ते पाठवून दिलं."

"ते तुमच्याकडे आलं कुठून?"

"ते सांगणार नाही. शब्द दिलाय."

"नऊ घरांतला घास काढलात साहेब, आणि शब्दाला जागताय?"

ते जरा लाल झाले. "मी काही मनचं लिहिलं नाही. विश्वासू माणूस आहे. स्वतःच्या कानांनी ऐकलंय, एकेक वाक्य."

"एकाच माणसानं? नऊ घरांत जाऊन?"

त्यांनी ओठ आवळले. आपण जास्त बोललो, हे त्यांना कळलं. टोपी घालत म्हणाले, "सोमवारपासून छत्तीस माग सुरू होतायत. तुमचे चार त्यांत आहेत. वेळेवर या म्हणजे झालं."

दाराशी पोचेपर्यंत माझ्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. नऊ घरांत जाणारा एकच माणूस. आमच्या वस्तीत घरोघर फिरणारा आणि घरोघर ऐकणारा माणूस सगळ्यांच्या डोळ्यांपुढे होता. मयत-विम्याचे हप्ते गोळा करणारा क्रॅब्ट्री.

३

क्रॅब्ट्री मला चॅपेलच्या पायरीवर भेटला. विचारल्याबरोबर भडकला.

"मी? अहो बाई, बावीस वर्षं मी लोकांच्या मरणाचे हप्ते गोळा करतोय. कोणाच्या घरात काय शिजतं, कोण कोणाशी बोलत नाही, सगळं माहीत आहे मला. त्यातलं एक अक्षर बाहेर पडलं असतं तर दुसऱ्या शनिवारी एक तरी दार उघडलं असतं का?"

खरं होतं त्याचं. पण खरं बोलणारा माणूसच खोटं चांगलं बोलतो, असं माझी आई म्हणायची. संशयितांतून त्याचं नाव मी अर्धंच खोडलं आणि थर्झाकडे गेले.

थर्झा बटाटे सोलत होती. तिची सासू शेकोटीपाशी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. म्हातारीला सुनेचं गिरणीत जाणं पहिल्यापासून खपत नव्हतं, आणि हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं.

मी आत जाताच ती म्हणाली, "विचारा, विचारा. सगळे आडून आडून विचारतायत, तुम्ही तोंडावर विचारा. मी चुगली केली का? तर ऐका. सूनबाईनं घरी बसावं असं मला वाटतं. पण माझा मुलगा बिनकामाचा बसलाय. हिचा भत्ता गेला तर मी काय दगड चावू?"

"आई, शांत व्हा हो," थर्झा म्हणाली. "बाळ उठेल."

मी थर्झाला म्हटलं, "नीट आठव. ते वाक्य तू केव्हा म्हणालीस? कोणाला?"

ती हातातली सुरी ठेवून आठवू लागली. "शुक्रवार होता, कारण मर्था पायऱ्या धुऊन खिडकीत उभी होती, आणि पायऱ्या ती शुक्रवारीच धुते. मर्था ब्रिग्ज, समोरची. तिनं विचारलं, शेड सुरू झाली तर येशील का? तेव्हा मी म्हटलं."

"खिडकीतून ओरडून?"

"छे! बाळ नुकतंच झोपलं होतं. मी..." थर्झा थांबली. "मावशी, मी बोललेच नाही. ओठांनी म्हटलं."

मी खुर्चीतच ताठ झाले.

शेडमध्ये हजार माग धडधडत असतात. तिथं आवाज कामाचा नाही. आम्ही विणकर बायका ओठ हलवून बोलतो, आणि समोरची वाचते. पलीकडच्या रांगेतल्या बाईला नवरा रात्री काय म्हणाला ते सांगता येतं, आणि मध्ये उभ्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, पत्ता लागत नाही. घरीसुद्धा ती सवय जात नाही.

म्हातारी फणकारली. "बघा! मी चाळीस वर्षं पाद्र्याच्या घरी मोलकरीण होते. तुमचं ते तोंड वेंगाडणं मला कधी कळलंय?"

क्रॅब्ट्रीलाही कळलं नसतं. तो कधी शेडमध्ये नव्हता. दोघंही सुटले. आणि डगडेल म्हणाले होते, स्वतःच्या कानांनी ऐकलंय! हे वाक्य जगात कोणाच्याच कानांनी ऐकलेलं नव्हतं. ते फक्त दिसलं होतं, ते वाचता येणाऱ्या माणसाला.

मर्था? पण तीही यादीत होती, दोन नंबरला. तिचाही भत्ता गेला होता.

"आणखी कोण होतं घरात?"

"कोणी नाही. मी, आई, बाळ."

"कोणी आलं होतं?"

"कोणी नाही, मावशी. खरंच कोणी नाही."

म्हणजे यादी नेणारी विणकर होती, आमच्यातलीच. आणि आमच्या गल्ल्यांत विणकर सोडून दुसरं होतं कोण?

४

शुक्रवारी दुपारी मी यादी घेऊन टेबलाशी बसले. चार दिवस मी तिच्यातली वाक्यं वाचत होते. त्या दिवशी पहिल्यांदा नुसती नावं वाचली.

थर्झा ओर्मरॉड, मर्था ब्रिग्ज, मग दोघी, मग एफी ग्रिमशॉ, मग आणखी चौघी. नावं अक्षरांच्या क्रमानं नव्हती. मागांच्या नंबरांनी नव्हती, वयानंही नव्हती. मग हा क्रम आला कुठून? माणूस उगाच नावं लिहीत नाही. आठवतील तशी लिहितो, आणि आठवतात ती कुठल्यातरी वाटेनं.

मी शाल घेतली आणि बाहेर पडले.

कालव्याकाठी थर्झाचं घर, तिच्यासमोर मर्था. तिथून चढ लागतो. डाव्या हाताला तिसरी, पुढं कोपऱ्यावर इंकरमन गल्लीत चौथी. पाय आपोआप पडत होते. यादी म्हणजे चढाची वाट होती. क्रॅब्ट्रीचा पाय अधू. तो ट्रामनं वर जातो आणि उतरत येतो. त्यानं लिहिली असती तर नावं उलटी आली असती.

पण पाचव्या नावाशी वाट तुटली. एफी ग्रिमशॉ पार पलीकडे, वॉटर गल्लीत राहते. चौथी इंकरमन गल्लीतली, सहावी इंकरमन गल्लीतली, आणि मध्ये ही कुठून आली? माझा सगळा तर्क कोसळल्यासारखा झाला. मी गल्लीच्या मधोमध उभी राहिले.

तेवढ्यात शेजारचं दार उघडलं. कोपरापर्यंत पीठ लागलेली एफीच दारात उभी होती.

"लेटीमावशी! अशा का उभ्या? या आत, भाजलेल्या पावाचा वास येतोय ना?"

"तू इथं काय करतेस?"

"आईचं घर आहे की हे! शुक्रवारी मी इथंच असते. तिच्याच भट्टीत भाजते, कोळसा वाचतो."

"दर शुक्रवारी?"

"दर शुक्रवारी. संघाची वर्गणीसुद्धा मी इथंच देते."

मी दाराच्या चौकटीला धरलं. मागून चढावर लाकडी तळाच्या बुटांचा आवाज येत होता. टक, टक, दर दाराशी थांबत. थर्झाच्या दाराशी थांबला असेल, मर्थाच्या, मग तिसरीच्या. मी ज्या वाटेनं आले, त्याच वाटेनं, त्याच क्रमानं.

वळून बघायची मला गरज नव्हती. ते बूट मी चाळीस वर्षं ओळखत होते.

"काय गं लेटे," ॲनिस टॅटरसॉल म्हणाली, "माझ्या आधीच फेरी मारतेयस होय?"

तिच्या खांद्याला वर्गणीची पिशवी होती. थर्झा म्हणाली होती, कोणी आलं नव्हतं. आणि मीही तिला विचारलं नव्हतं, शुक्रवारी ॲनिस आली असेल ना म्हणून. ॲनिसला आम्ही कोणीच मोजत नव्हतो.

५

बारा वर्षांच्या असताना आम्ही दोघी एकाच दिवशी शेडमध्ये शिरलो. ओठ वाचायला मला ॲनिसनंच शिकवलं. छातीच्या दुखण्यानं तिचं मागावरचं काम सुटलं, तेव्हा संघानं तिला वर्गणी गोळा करायचं काम दिलं. तिच्यासाठी मीच भांडले होते. तिनं लग्न केलं नाही. वीस वर्षांनी धाकट्या बहिणीला, रूथला, तिनं एकटीनं वाढवलं.

त्या दिवशी तिची फेरी संपल्यावर मी तिच्या घरी गेले. तिनं चहा ओतला. मी कपाला हात लावला नाही.

"ॲने, थर्झा घोडागाडीचं बोलली, ते तू ऐकलंस?"

"ऐकलं की. हसून पुरेवाट झाली."

"ऐकलं नाहीस. ती बोललीच नव्हती."

किटली तिच्या हातातच राहिली. मग तिनं ती फार सावकाश खाली ठेवली. मी यादी टेबलावर पसरली आणि पाचव्या नावावर बोट ठेवलं. पुढचं सांगावं लागलं नाही.

"डगडेलनं बोलावलं होतं मला," ती म्हणाली. "म्हणाला, नऊ जणींना काम देता येईल. शंभर बायका घरी आहेत. कोणाचं नडतंय आणि कोणाचं नडत नाही, हे तुला माहीत. कोणाला हवंय, कोणाला नकोय, ते सांग."

"आणि तू सांगितलंस."

"सांगितलं! आणि का नको सांगू? त्यांच्या घरात नवरा आहे."

"विल्फ रांगेत उभा असतो, ॲने."

"उभा तर असतो! त्याला बायकोमुलासकट भत्ता मिळतो. रूथच्या मागं कोण आहे? रांगेतली कारकुनीण तिला म्हणाली, तरुण आहेस, एकटी आहेस, बाहेरगावी जा, कोणाच्यातरी घरी मोलकरीण हो. नाही म्हणालीस तर भत्ता बंद. माझी रूथ चार माग एकटीनं ओढते, ती लोकांची न्हाणीघरं घासणार? लग्न केलं तर म्हणतात नवरा पोसेल. नाही केलं तर म्हणतात भांडी घास. हा नियम कोणी केला? मी केला?"

"नियम तू नाही केलास. यादी तू केलीस."

तिनं यादी माझ्याकडे सरकवली. मग हळू म्हणाली, "मला वाटलं मागांपुरतंच आहे. तो ते कचेरीत पाठवेल, त्यांचा भत्ता जाईल, हे मला ठाऊक नव्हतं. शपथ. मंगळवारी कळलं."

"मंगळवारी कळलं. आज शुक्रवार आहे. आज तू त्याच दारांत जाऊन वर्गणी घेऊन आलीस."

तिनं मान खाली घातली. मला वाटलं, संपलं. आता हिला रडू येईल, आणि मला काय करावं ते कळणार नाही. पण तिनं मान वर केली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं.

"छत्तीस माग, लेटे. बाईमागे चार. नऊ जणी झाल्या. एक रूथ. बाकीच्या आठ कोण, ते मोजलंस का? घरात नवरा नाही, कमावता मुलगा नाही, अशा आठ जणींची नावं मी डगडेलला दिली. तुझं पत्र सोमवारी आलं ना?"

६

मी तिच्याशी भांडले, रडलेसुद्धा. शेवटी एवढंच म्हटलं, "पंचांपुढे येऊन खरं सांग."

ती आली. तीन आठवड्यांनी फेरसुनावणी झाली, तेव्हा ॲनिस टॅटरसॉल नऊ जणींच्या देखत उभी राहिली आणि म्हणाली, वाक्यं मी दिली. सगळी थट्टेची होती. या बायका उद्या बोलावलं तर उद्या येतील. मर्था ब्रिग्ज मोठ्यानं "शी!" म्हणाली. एफी मात्र शेवटपर्यंत इकडेतिकडे बघत राहिली, जणू हे कोणी दुसऱ्याच ॲनिसबद्दल चाललंय.

वकिलानं तिघांची कुजबुज संपल्यावर घसा साफ केला. "वाक्यं आम्ही बाजूला ठेवतो."

आमच्या बाकावर कोणीतरी मोठा श्वास सोडला.

"आता उरला एकच प्रश्न. या स्त्रियांना इथं परत काम मिळण्याची आशा आहे का? गिरणीनं कळवलंय, सुरू झालेले छत्तीसही माग भरलेले आहेत. नवे सुरू होणार नाहीत." त्यानं गिरणीची यादी वर धरली. "रूथ टॅटरसॉल... लेटी व्हिटम, विधवा." चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "या तुम्हीच ना?"

"हो."

"मग तुम्हाला तर माहीतच आहे की तिथं जागा नाही."

मी विणकर बायकांच्या वतीनं उभी होते. माझी नोकरीच त्यांच्याविरुद्धचा पुरावा होती. आमचा उजवीकडचा माणूस खाली बघत सही करून मोकळा झाला. नऊही अर्ज फेटाळले गेले. अकरा वर्षं थर्झाच्या पगारातून जे कापून घेतलं, त्याच्याबद्दल त्या खोलीत कोणी शब्द काढला नाही.

ॲनिसचं काम संघानं त्याच आठवड्यात काढून घेतलं. मी डगडेल साहेबांकडे गेले आणि म्हटलं, माझे माग थर्झाला द्या. ते हसले नाहीत. टोपी काढून म्हणाले, "व्हिटमबाई, तुम्ही गेलात तर मी दुसरी विधवा घेईन. लग्न झालेली घेतली तर उद्या माझ्या दाराशी मोर्चा येईल. उगाच कशाला?"

तिथून मी थर्झाकडे गेले. सासू बाळाला घेऊन बाहेर गेली होती. थर्झा एकटीच कपडे पिळत होती. मी तिला सगळं सांगितलं. सोमवारचं पत्र, ॲनिसनं दिलेली नावं, डगडेलचं उत्तर. आणि म्हटलं, "तू म्हणशील तर उद्या माग सोडते."

तिनं हात पुसले. "सोडू नका, मावशी. स्वखुशीनं सोडलंत तर सहा आठवडे तुम्हालाही भत्ता नाही. एक घर उपाशी आहे, दोन कशाला?"

मला हायसं वाटलं. आणि ते तिला दिसलं.

"पण एक करा," ती म्हणाली. "आता इथं येत जाऊ नका. मी रागावले नाही, खरंच नाही. पण तुम्ही आलात की बोलण्याआधी मला विचार करावा लागेल. आणि विचार न करता बोलायला मला ही एवढीच जागा होती."

ती पुन्हा बादलीकडे वळली आणि विल्फचा सदरा पिळू लागली, शेवटचा थेंब निघेपर्यंत. मी शाल उचलली आणि बाहेर आले.